आधी मोजा, मग केस मागवा

गेल्या अंकात ६१ बटणांच्या छोट्या कीबोर्डवर थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे: प्लॅस्टिकची बॉडी काढून ॲल्युमिनियमची केस बसवायची तर काय पाहायचं? म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. मी भोसरीच्या टूलरूममध्ये मिलिंगचं काम शिकले, आजही दिवसभर ॲल्युमिनियमच कापते. त्यामुळे उत्तरं थोडी लांबतील.

माझ्याकडे जीके६१ कीबोर्ड आहे. ताई, ‘६० टक्के’ असं लिहिलेली कुठलीही धातूची केस त्याला बसेल का? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

‘६० टक्के’ हे फक्त आकारमान झालं, पूर्ण कीबोर्डच्या साधारण ६० टक्के. त्यावरून स्क्रूची भोकं कुठे आहेत ते कळत नाही. एका बटणाची जागा १९.०५ मिलिमीटर, अशी आडवी १५ आणि उभ्या ५ ओळी, म्हणजे साधारण २८५ बाय ९५ मिलिमीटरचा सर्किट बोर्ड. एवढं बहुतेक सगळ्यांचं सारखं असतं. भोकांची जागा मात्र पोकर नावाच्या जुन्या कीबोर्डवरून रूढ झाली. पुढे हौशी लोकांनी मिळून जीएच६० नावाचा खुला बोर्ड तयार केला, त्यानेही तीच जागा धरली, आणि मग केस बनवणारेही तिलाच धरून चालले. टोफू६० सारख्या केस याच मापाच्या. जीके६१ सहसा या मापात बसतो. पण एकाच नावाखाली वेगवेगळे बोर्ड विकले जातात, म्हणून तुझा बोर्ड तू स्वतः मोजून घे.

मोजायचं असं. कीकॅप, म्हणजे बटणांच्या वरच्या टोप्या, काढल्या की खालच्या पट्टीवर स्क्रू दिसतात. ते काढून बोर्ड बाहेर घे, कोऱ्या कागदावर ठेव आणि प्रत्येक भोकातून टोकदार पेन्सिलीने खूण कर. आता डाव्या कडेपासून आणि वरच्या कडेपासून प्रत्येक खूण व्हर्नियरने मोज. विक्रेत्याकडून केसचं ड्रॉइंग मागवून घे आणि आकडे ताडून बघ. ड्रॉइंग द्यायला जो तयार नसेल त्याच्याकडून केस घेऊ नकोस, हे मी अगदी मनापासून सांगते.

भोकं जुळली तरी दोन गोष्टी राहतात. यूएसबीचं तोंड आणि केसमधली खिडकी समोरासमोर येतात का? आणि बोर्डच्या पोटाखाली किती जागा लागते? स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखालची दाबली जाणारी कळ, काढता-घालता येणारा बोर्ड असेल तर खालून सॉकेट असतात. वायरलेस असेल तर बॅटरीही असते, आणि कडेला चालू-बंदचा छोटा खटकाही असू शकतो. प्लॅस्टिकच्या बॉडीत त्या खटक्यासाठी फट ठेवलेली असते. धातूच्या भिंतीत ती नसेल तर खटका कायमचा आत अडकला. बॅटरी स्क्रूच्या खांबावर येऊन दाबली जात असेल तर ती केस तुझ्या बोर्डसाठी नाहीच. लिथियमची पिशवी चेपली तर पेट घेऊ शकते, तिथे ‘चालवून घेऊ’ म्हणू नकोस.

स्क्रूचंही ऐक. प्लॅस्टिकच्या बॉडीतले स्क्रू जाड आट्यांचे, स्वतःच आटे पाडत आत जाणारे असतात. धातूच्या केसमध्ये एम२ चे, म्हणजे २ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचे, बारीक आटे आधीच पाडलेले असतात, त्यांची पिच (दोन आट्यांतलं अंतर) ०.४ मिलिमीटर. जुने स्क्रू जोर लावून घातलेस तर केसचे आटे गेलेच म्हणून समज. केससोबत आलेले स्क्रू वापर, दोन बोटांत धरलेल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने फिरव, आणि टेकल्यावर जेमतेम पाव फेरा दे.

सगळे म्हणतात, धातूची केस घातली की कीबोर्डचा आवाज भरदार होतो. मी टोफू६० घेतली, तर उलट टणटण वाढली. स्पेसबारचा खडखडाट तर फारच ऐकू येतो. (बँकेत नोकरी, छत्रपती संभाजीनगर)

तुमच्या केसमध्ये काही दोष नाही. बोर्डखाली मोकळी पोकळी आहे आणि भोवती घट्ट धातू आहे, मग रिकाम्या स्टीलच्या डब्यासारखा तो वाजणारच. वजनाचा फायदा वेगळा. पाऊण-एक किलोची केस टेबलावरून हलत नाही, आणि जोरात टाइप करणाऱ्याला ते लगेच जाणवतं. पण ‘धातू म्हणजे भरदार आवाज’ हे समीकरण मला मान्य नाही. आवाज मुख्यतः स्विच, ते ज्या पट्टीत बसतात ती पट्टी आणि ती पट्टी केसला कुठे टेकते यावर ठरतो. पैसे मोजकेच असतील तर केस सर्वांत शेवटी घ्यावी, असं मी प्रत्येकाला सांगते. तुम्ही घेतलीच आहे, तर आता क्रमाने जाऊ.

पहिला स्पेसबार. त्याच्या दोन्ही टोकांना स्टॅबिलायझर असतात, त्यांना जोडणारी पोलादी तार प्लॅस्टिकमध्ये सैल हलते आणि खडखडते. तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस भरपूर लावा. प्लॅस्टिकचे भाग जिथे एकमेकांवर घासतात तिथे क्रायटॉक्स २०५ जी० या वंगणाचा अगदी पातळ थर द्या. शिवणयंत्राचं तेल वापरू नका, ते पातळ असतं आणि वाहत जाऊन स्विचच्या संपर्कात शिरतं. निम्मी कटकट इथेच संपते.

मग पोकळी. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेसाठी ईव्हीए फोमची मऊ शीट मिळते, दोन-तीन मिलिमीटर जाडीची. केसच्या तळाच्या मापाने कापा, स्क्रूच्या खांबांना भोकं पाडा आणि तळाशी अंथरा. बोर्ड बसवताना तो मधून वर फुगला तर शीट जाड झाली, पातळ घ्या. इलेक्ट्रॉनिक सामानाबरोबर येणारा काळा स्पंज मात्र घालू नका, त्यातून वीज वाहू शकते. बोर्डच्या पाठीवर कागदी मास्किंग टेपचे दोन थर लावले तर आवाज आणखी गोल होतो. रंगारी भिंतीच्या कडेला लावतात तीच टेप चालते.

आता स्क्रू. टोफू६० एकसंध ट्रे आहे आणि बोर्ड थेट तिच्या खांबांवर स्क्रूने बसतो. त्यामुळे खांबाजवळची बटणं कडक आणि लांबची लवचीक लागतात. जी, एच, बी दाबून बघा आणि मग कडेची बटणं दाबा. मधले स्क्रू काढून फक्त कडेचे ठेवा, आणि प्रत्येक खांबावर छोटी रबरी ओ-रिंग ठेवून त्यावर बोर्ड टेकवा. बोट खाली जाऊन थांबतं तेव्हाचा झटका यामुळे खूप कमी होतो. वरचा आणि खालचा असे दोन भाग असलेल्या केसमध्ये सांध्यावर टेपचे छोटे तुकडे चिकटवून धातूला धातू टेकू न देण्याची युक्ती करतात. तुमच्या केसला सांधाच नाही, तेव्हा त्या नादी लागू नका.

लॅपटॉप चार्जिंगला असताना नव्या ॲल्युमिनियमच्या कीबोर्डला हात लावला की मनगटाला मुंग्या येतात. जुन्या कीबोर्डला असं कधी झालं नाही. केस सदोष आहे का? (भाड्याच्या खोलीत राहणारी वाचक, नाशिक)

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण बरेच जण केस परत पाठवतात आणि मूळ कारण घरातच राहतं. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये मुख्य विजेची बाजू आणि बाहेर जाणारी बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, विद्युत गोंगाट दाबण्यासाठी. चार्जर दोन पिनांचा असेल किंवा तीन पिनांच्या सॉकेटला खरं अर्थिंगच नसेल, तर या वाटेने अगदी किंचित प्रवाह झिरपतो. लॅपटॉपचे उघडे धातूचे भाग आणि यूएसबीचं धातूचं कवच जमिनीच्या तुलनेत बऱ्याच व्होल्टवर तरंगत राहतात. त्याच यूएसबीच्या कवचातून ते तुमच्या केसवर येतं. प्लॅस्टिकच्या कीबोर्डमध्येही ते होतंच, फक्त तुमच्या त्वचेपर्यंत पोचत नव्हतं. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला मनगट टेकलं तरी असंच होतं. टेस्टर लावला तर तो मंद पेटलेला दिसेल.

आधी चार्जर भिंतीतून काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवा. मुंग्या थांबल्या तर कारण हेच. मग घरमालकांना सांगून वायरमनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. पिन आहे म्हणजे अर्थिंग आहे असं धरून चालू नका, जुन्या इमारतींत पुष्कळदा पिनमागे तारच नसते. कुणी ‘अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून देतो’ म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नका. कधी न्यूट्रल तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट तुमच्या कीबोर्डवर येतील. मुंग्यांऐवजी झटका बसत असेल तर मात्र चार्जर ताबडतोब बंद करा आणि बदला.

एक वेगळी तपासणीही करून टाका. बोर्डच्या पाठीवर सोल्डरची टोकं उघडी असतात. केसवर ॲनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेने चढवलेल्या ऑक्साइडचा) थर असतो तोवर तो इन्सुलेटरचं काम करतो, पण ओरखडा पडला की खाली उघडा धातू. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगवर लावतात ती पारदर्शक शीट मागा, बोर्डच्या मापाने कापा आणि मध्ये घाला. आणि नवीन केस वापरण्याआधी ब्रशने आतून स्वच्छ झाडा. आट्यांच्या भोकांत ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे अडकलेले मी नेहमी पाहते.

धातूच्या केसमध्ये ब्लूटूथ चालेल का? (पुणे)

चालेल, पण अडखळत. बाजूंनी आणि खालून ॲल्युमिनियम, वरून पोलादी पट्टी, मग २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी फटींतूनच बाहेर पडतात. कीबोर्ड आणि लॅपटॉप एकाच टेबलावर असतील तर बहुधा भागतं. डोंगल वापरत असाल तर तो यूएसबी एक्स्टेन्शनने पुढे आणा आणि यूएसबी ३ च्या पोर्टपासून लांब ठेवा, त्या पोर्टचा गोंगाट याच पट्ट्यात येतो. वायरलेसच हवा असेल तर पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची केस घ्या, मी तेच सुचवीन.

बाहेरून मागवण्याऐवजी अशी केस आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेता येईल का? किती खर्च येईल? (आयटीआयचा विद्यार्थी, कोल्हापूर)

येईल, आणि तू विचारलंस याचा मला आनंद झाला. पण एकच नग करून घेणार असशील तर तो विकतच्या केसपेक्षा महाग पडेल, हे आधी ऐकून घे. ३१० बाय ११५ बाय ४० मिलिमीटरचा ठोकळा घेतलास तर ॲल्युमिनियमच्या २.७ घनतेने त्याचं वजन जवळपास ३ किलो ८५० ग्रॅम भरतं. तयार केस एक किलोच्या आसपास. म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश माल चिप्स होऊन खाली पडतो. शिवाय प्रोग्रॅम आणि सेटिंगचे तास एका नगाला लागतात जवळजवळ तेवढेच दहा नगांनाही लागतात, म्हणजे ते वाटून जातात. म्हणून चार-पाच मित्र जमव. सगळ्यांच्या बोर्डची भोकं एकाच मापाची आहेत याची खात्री करून घे, आणि मगच वर्कशॉपमध्ये जा.

माल ६०६३ माग. स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन याच मिश्रधातूचे असतात आणि त्यावर ॲनोडायझिंग सुंदर चढतं. ६०६१ जास्त टणक असतो, कापायला मला तो अधिक आवडतो, पण या कामाला दोन्ही चालतात.

ड्रॉइंगमध्ये नवखे लोक जिथे अडकतात ती जागा म्हणजे आतले कोपरे. कटर गोल असतो. ६ मिलिमीटरचा कटर कोपऱ्यात ३ मिलिमीटरची गोलाई सोडतो, आणि चौकोनी कोपऱ्याचा बोर्ड तिथे टेकतो, आत उतरत नाही. खोल पॉकेटमध्ये बारीक कटर घातला तर तो वाकतो किंवा तुटतो. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात आधी एक ड्रिल मारून जागा मोकळी करायची. ती जागा वरून पट्टीखाली झाकली जाते. दुसरं, एवढा माल आतून काढला की ठोकळ्यातला ताण सुटतो आणि केस केळीसारखी नाही तरी कागदभर वाकतेच. तेव्हा दोन्ही बाजूंनी रफिंग (पहिली जाडसर कापणी) करून, पकड सैल करून पुन्हा बांधून, मग फिनिशिंग करायला सांग. वर्कशॉपवाला ‘एकाच सेटिंगमध्ये करून देतो’ म्हणाला तरी हा आग्रह सोडू नकोस.

विकतच्या केसला तळाशी पाच-सात अंशांचा उतार असतो. तो मशीनवर काढायचा म्हणजे वेगळी सेटिंग. त्यापेक्षा सपाट केस कर आणि मागे वेगळे पाय लाव. पुढच्या टेकण्यापासून ९५ मिलिमीटरवर १० मिलिमीटर उंच पाय लावलास तर सहा अंश मिळतात. पितळेचे लेथवर वळून घे, दिसायलाही छान.

ॲनोडायझिंगला देताना एम२ च्या भोकांना रबरी बूच लावायला सांग. थर काही मायक्रॉनचाच असतो, पण एवढ्या बारीक आट्यांत तेवढ्यानेही स्क्रू अडतो. आणि पांढरा रंग मागू नकोस. ॲनोडायझिंगच्या सूक्ष्म छिद्रांत रंग भरला जातो, पांढऱ्या रंगाचे कण त्या छिद्रांपेक्षा मोठे असतात. बाजारातल्या पांढऱ्या केसवर रंगाचा वेगळा थर दिलेला असतो.

धातूला हात लावण्याआधी थ्रीडी प्रिंट काढून त्यात बोर्ड बसवून बघ. तोही खर्च नको असेल तर तीन मिलिमीटरच्या शीटमधून लेझरने एकेक थर कापून, ते एकावर एक रचून लांब बोल्टने आवळलेली केसही उत्तम होते. पहिल्या कामाला मी तुला तीच कर म्हणेन.

आम्ही वेंगुर्ल्याला समुद्राजवळ राहतो. इथे ॲल्युमिनियमची केस टिकेल का? (निवृत्त शिक्षक)

सर, ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही, पण खाऱ्या हवेत त्यावर बारीक खड्डे पडतात. चांगलं ॲनोडायझिंग असलेली केस घ्या, नुसती पॉलिश केलेली चकचकीत घेऊ नका. खरी कमजोर जागा स्क्रू. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसला आणि मध्ये खारट ओलावा शिरला की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, आणि काही पावसाळ्यांनी स्क्रू निघत नाही. प्रत्येक स्क्रूला थोडं ग्रीस लावून बसवा आणि पावसाळा संपला की एकदा सैल करून पुन्हा आवळा. आतली पट्टी पोलादी असेल तर जिथे रंग खरवडला असेल तिथून ती गंजते, तेव्हा ॲल्युमिनियमची किंवा एफआर४ ची (सर्किट बोर्डच्या फायबरग्लासची) पट्टी घ्या. पुसायला किंचित ओलं फडकं पुरे. धुण्याचा सोडा किंवा त्यासारखं काही कधीच लावू नका, अल्कली ॲनोडायझिंगचा थर खाते.

मी प्रूफरीडर आहे. दिवसभर मराठी टाइप करते, निम्मं काम इन्स्क्रिप्टवर आणि निम्मं जुन्या डीटीपी फाँटमध्ये. एवढ्या लहान कीबोर्डवर सगळी अक्षरं मिळतील का? चांगली केस घ्यायची खूप इच्छा आहे. (बेळगाव)

इन्स्क्रिप्ट या प्रमाण कीबोर्ड मांडणीची काळजी करू नका. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि ज्ञ, त्र, क्ष, श्र आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसोबत असतात. हे सगळं मधल्या मुख्य ठोकळ्यातच येतं आणि ६१ बटणांत तो ठोकळा पूर्ण आहे. ळ शिफ्ट-एनवर, नेहमीच्याच जागी. डावीकडचं वरचं बटण एस्केप होतं आणि तिथलं मूळ चिन्ह एफएनच्या थरात (एफएन बटण धरल्यावर मिळणाऱ्या दुसऱ्या चिन्हांत) जातं, पण मराठीला त्याची गरज पडत नाही.

तुमची अडचण दुसऱ्या निम्म्या कामात आहे. जुन्या फाँटमध्ये कितीतरी जोडाक्षरं ऑल्ट दाबून उजवीकडच्या अंकफलकावर चार आकडे मारून काढावी लागतात. विंडोज हे आकडे फक्त अंकफलकाचेच मानते, वरच्या ओळीचे मानत नाही. ६० टक्के कीबोर्डला अंकफलकच नाही. बोर्ड क्यूएमके किंवा व्हाया या बटणांची कामं बदलू देणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारा असेल तर एफएन धरल्यावर यू, आय, ओ आणि त्यांच्या खालच्या बटणांवर अंकफलकाचे आकडे बसवता येतात. नम लॉक चालू ठेवलं की ऑल्टचे कोडही उमटतात. पण ऑल्ट आणि एफएन दोन्ही धरून चार आकडे, दिवसातून शेकडो वेळा, हे मी तुमच्या हातांना सुचवणार नाही. वेगळा यूएसबी अंकफलक घ्या आणि तो डावीकडे ठेवा.

प्रूफ तपासताना बाणांची बटणं आणि डिलीट सतत लागतात, त्यामुळे तुम्ही ६० टक्क्यांऐवजी ६५ टक्के घ्या, त्यात ती वेगळी असतात. मात्र ६० टक्क्यांत जशी बहुतेकांनी एकच भोकांची जागा धरली आहे तसं ६५ टक्क्यांत नाही. बोर्ड एकीकडून आणि केस दुसरीकडून अशी जुळणी तिथे करायला जाऊ नका. बोर्ड, पट्टी आणि धातूची केस एकाच ठिकाणाहून, एकाच मॉडेलची घ्या.